आल्फ्रेदो दि स्तेफानो : परदेशीं गाजलेला एक फुटबॉलपटु

फुटबॉलच्या खेळांत दक्षिण अमेरिकेचा खेळाडू आणि युरोपचें मैदान यांची जोडी आज इतकी परिचयाची झाली आहे कीं, तिचें कोणास नवल वाटत नाहीं. अर्जेंटिना, ब्राझील, उरुग्वे या देशांतील एखादा होतकरू तरुण मिसरूड फुटतांच युरोपांतील क्लबांच्या नजरेंत भरतो आणि समुद्र ओलांडून निघून जातो. वर्तमानपत्रांत त्याच्या किंमतीचा आंकडा छापून येतो. तो आंकडा वाचून आपण थक्क होतों. परंतु 'किंमत' हा शब्द जिवंत माणसाच्या बाबतींत कसा काय वापरला जातो, याचा विचार आपण सहसा करीत नाहीं. तो माणूस कोणाच्या मालकीचा होता, कोणीं विकला, कोणीं घेतला, आणि या व्यवहारांत त्याच्या स्वतःच्या इच्छेस कितपत जागा होती, हे प्रश्न ज्याच्या चरित्रांत अत्यंत ठळकपणें उभे राहतात, अशा एका खेळाडूची माहिती वाचकांपुढें ठेवण्याचें योजिलें आहे. त्याचें नांव आल्फ्रेदो दि स्तेफानो.

परदेशीं जाऊन खेळणारा तो पहिलाच अर्जेंटिनी खेळाडू होता असें मात्र नव्हे. त्याच्या पूर्वींच रायमुंदो ओर्सी, लुईस मोंती इत्यादि खेळाडू इटलीस गेले होते, आणि १९३४ सालचा विश्वचषक त्यांनीं इटलीच्या बाजूनें खेळून जिंकलाहि होता. परंतु दि स्तेफानो ज्या संघांत गेला त्या संघाचें सारें भवितव्यच त्यानें पालटून टाकलें. असें त्याच्यापूर्वीं क्वचितच कोणास साधलें असेल.

त्याचा जन्म ४ जुलै १९२६ रोजीं अर्जेंटिनाची राजधानी ब्युनॉस आयर्स येथें, बार्राकास नांवाच्या कामकऱ्यांच्या वस्तींत झाला. त्याचे आजोबा इटलींतून पोटासाठीं समुद्र ओलांडून आलेले. आईच्या घराण्यांत फ्रेंच आणि आयरिश रक्त. म्हणजे ज्या मुलास पुढें लोक 'परदेशीं गेलेला अर्जेंटिनी' म्हणणार होते, तो मुळांतच परदेशांतून आलेल्या लोकांचा नातू होता. त्या शहरांतील निम्मेंअधिक लोक अशाच कुळीचे. त्यांचा फुटबॉलहि बाहेरूनच आलेला. येथें सांगण्याजोगी गोष्ट अशी कीं, अर्जेंटिनांत हा खेळ रुजविण्याचें मोठें श्रेय एका शाळामास्तराकडे जातें. अलेक्झांडर वॉटसन हटन नांवाच्या स्कॉटिश शिक्षकानें १८८४ सालीं ब्युनॉस आयर्समध्यें इंग्लिश हायस्कूल काढलें, मुलांच्या अभ्यासक्रमांत खेळांना जागा दिली, आणि १८९३ मध्यें तेथील फुटबॉल लीग उभी केली. पुढें त्याच शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचा संघ कित्येक वर्षें देशांत अजिंक्य ठरला. शाळेच्या पटांगणांतून निघालेला हा चेंडू गल्लीबोळांत पोंचण्यास फार काळ लागला नाहीं. आणि गल्लींत गेल्यावर त्याचें इंग्रजी वळण जाऊन त्यास निराळेंच, नखरेल व चपळ वळण लागलें.

दि स्तेफानोचा बाप रिव्हर प्लेट या प्रख्यात क्लबातर्फे खेळलेला होता. मुलगा गल्लींत खेळला, शेतावर राबला, आणि वयाच्या अठराव्या वर्षाच्या सुमारास त्याच रिव्हर प्लेट क्लबांत दाखल झाला. त्या वेळीं त्या क्लबाच्या आघाडीच्या पांच खेळाडूंना लोक 'यंत्र' म्हणत. मुन्योस, मोरेनो, पेदेर्नेरा, लाब्रुना आणि लोस्ताउ हीं त्यांचीं नांवें. वस्तुतः त्यांच्या खेळाइतकें यंत्राहून वेगळें दुसरें कांहीं नसेल. यंत्राचा प्रत्येक दांता आपापल्या जागीं फिरतो. हे पांचजण सतत एकमेकांच्या जागा घेत, आणि प्रतिपक्षाच्या रक्षकांस कोणाच्या मागें जावें हेंच समजत नसे. मधल्या जागीं असलेला आदोल्फो पेदेर्नेरा गोलासमोर उभा न राहतां मागें सरके, तेथून चेंडू घेऊन खेळ रचीत असे. कोवळ्या दि स्तेफानोनें हें जवळून पाहिलें. १९४५ मध्यें तो पहिल्या संघातर्फे उतरला खरा, पण पेदेर्नेरा असतांना त्याच जागीं दुसऱ्यास वाव कोठून मिळणार? म्हणून पुढचें एक वर्ष त्यास हुराकान या दुसऱ्या क्लबास उसना देण्यांत आलें.

१९४७ मध्यें पेदेर्नेरा क्लब सोडून गेला, दि स्तेफानो परत आला, आणि त्या वर्षीं त्यानें २७ गोल करून लीगमध्यें पहिलें स्थान पटकावलें. रिव्हर प्लेट विजयी झाला. त्याच वर्षाच्या अखेरीस एक्वादोरमधील ग्वायाकिल येथें दक्षिण अमेरिकेच्या अजिंक्यपदाचे सामने झाले. त्यांत अर्जेंटिनातर्फे सहा सामने खेळून त्यानें सहा गोल केले. त्याच्या पिवळसर केसांवरून व बाणासारख्या धांवेवरून लोकांनीं त्यास 'सोनेरी बाण' असें नांव दिलें. तेव्हां तो एकवीस वर्षांचा होता. आपल्या देशातर्फे आपण हे सहाच सामने खेळणार आहोंत, सातवा कधींच खेळणार नाहीं, अशी शंका त्या वेळीं त्यासच काय पण कोणासहि आली नसेल.

असें कां झालें हें समजण्यासाठीं त्या काळची क्लबांची पद्धत थोडी पाहिली पाहिजे. अर्जेंटिनांत १९३१ पासून धंदेवाईक फुटबॉल उघडपणें सुरू झाला होता. प्रेक्षकांच्या तिकिटांतून क्लबांकडे अमाप पैसा येई. खेळाडूस मात्र वेतन ठरेल तेवढेंच, आणि तेंहि सर्वांस वेळच्या वेळीं मिळेच असें नाहीं. याहून जाचक गोष्ट ही कीं, कराराची मुदत संपली तरी खेळाडू मोकळा होत नसे. त्याचा परवाना क्लबाच्या तिजोरींत राही. क्लबाच्या संमतीवांचून त्यास दुसरीकडे पाऊल टाकतां येत नसे, आणि क्लबास मात्र त्यास वाटेल त्याला विकतां येई. खाणकामगार असो वा कापडगिरणींतला साळी असो, महिना भरल्यावर 'उद्यांपासून मी येत नाहीं' एवढें तरी तो म्हणूं शकतो. हजारों लोक ज्याच्या नांवाचा जयघोष करीत, त्या खेळाडूस तेवढीहि मोकळीक नव्हती.

१९४४ मध्यें खेळाडूंनीं आपली संघटना काढली, आणि १९४८ च्या नोव्हेंबरांत संप पुकारला. संघटनेस मान्यता द्यावी, किमान वेतन ठरवावें, करार संपल्यावर खेळाडूस मोकळें करावें, अशा त्यांच्या मागण्या होत्या. क्लबांनीं माघार घेतली नाहीं; उरलेले सामने पोरसवदा हौशी खेळाडूंकडून उरकून घेतले. ज्यांच्या नांवावर मैदानें भरत होतीं ते बाहेर बसले, आणि मैदानें ओस पडलीं. पुढील वर्षीं कांहीं तडजोड झाली, परंतु जी मुख्य गोष्ट, म्हणजे जाण्यायेण्याचें स्वातंत्र्य, ती पदरांत पडली नाहीं. मनें विटलीं तीं विटलींच.

याच सुमारास दि स्तेफानोस युरोपचें पहिलें दर्शन झालें, तें एका शोकप्रसंगानें. ४ मे १९४९ रोजीं इटलींतील तोरिनो क्लबाचा सबंध संघ सुपेर्गा येथील विमान अपघातांत मरण पावला. मृतांच्या कुटुंबांच्या साहाय्यार्थ रिव्हर प्लेटचा संघ समुद्र ओलांडून तुरिन शहरीं गेला व तेथें एक सामना खेळला. २-२ अशा बरोबरींत सुटलेल्या त्या सामन्यांत दि स्तेफानोनेंहि एक गोल केला. घरीं परतल्यावर त्याच वर्षीं बोका ज्युनियर्सविरुद्धच्या सामन्यांत रिव्हरचा गोलरक्षक कारिसो जखमी झाला, तेव्हां कांहीं मिनिटें हाच सेंटर फॉरवर्ड गोलांत उभा राहिला, आणि त्यानें गोल होऊं दिला नाहीं. ही गोष्ट क्षुल्लक वाटेल. पण हा मनुष्य कोणत्याहि एका जागेचा नव्हता, याची ती पहिली खूण होय.

तिकडे उत्तरेस कोलंबियांत एक विलक्षण प्रकार चालू झाला होता. १९४८ च्या एप्रिलांत बोगोता शहरांत गाइतान या लोकप्रिय पुढाऱ्याचा खून झाला, शहर पेटलें, सारा देश हादरला. त्याच वर्षीं ऑगस्टमध्यें तेथें धंदेवाईक फुटबॉल लीग सुरू झाली. देशांतल्या देशांत भांडण होऊन ही लीग जागतिक फुटबॉल मंडळाच्या, म्हणजे फिफाच्या, बाहेर पडली. बाहेर पडल्यामुळें तिच्यावर फिफाचे नियम चालेनात. आणि नियम चालत नसल्यामुळें दुसऱ्या देशांतील क्लबास एक पैहि न देतां त्याचा खेळाडू आणतां येऊं लागला. क्लबास जो पैसा द्यावयाचा तो सरळ खेळाडूसच मिळूं लागला. बोगोताच्या मिल्योनारिओस क्लबानें प्रथम पेदेर्नेरास आणलें. त्याचें दर्शन घेण्यासाठींच हजारों लोक जमले. पेदेर्नेरानें मागोमाग नेस्तोर रोस्सी आणि दि स्तेफानो यांना ओढून नेलें. दूरच्या इंग्लंडांतूनहि नील फ्रँकलिन, चार्ली मिटन यांसारखे खेळाडू तेथें धांवले. त्या काळास कोलंबियाचे लोक 'एल दोरादो', म्हणजे सुवर्णनगरी, म्हणतात.

दि स्तेफानोचें हें जाणें योग्य कीं अयोग्य? रिव्हर प्लेटच्या दृष्टीनें ती फसवणूक होती. सही केलेला करार त्यानें मोडला होता, हें नाकारतां येत नाहीं. परंतु ज्या करारांतून बाहेर पडण्यास दारच ठेवलेलें नाहीं, त्यांतून कोणी खिडकींतून उडी टाकली, तर दोष केवळ उडी टाकणाऱ्याचा म्हणावा काय? आमच्या मतें तो दोहोंकडे वांटला पाहिजे, आणि मोठा वांटा घर बांधणाऱ्याकडे गेला पाहिजे.

मिल्योनारिओसचा संघ १९४९, १९५१, १९५२ व १९५३ या वर्षीं लीग जिंकला. निळ्या पोषाखामुळें व लयबद्ध खेळामुळें त्यास 'निळा नृत्यमेळा' म्हणत. १९५१ व १९५२ या दोन्ही वर्षीं सर्वांत अधिक गोल दि स्तेफानोचे होते. तथापि ही सुवर्णनगरी फार दिवस टिकावयाची नव्हती. १९५१ मध्यें लिमा येथें तह झाला. कोलंबियास फिफांत परत घेण्यांत आलें, आणि बाहेरून आणलेले सर्व खेळाडू ऑक्टोबर १९५४ मध्यें मूळ क्लबांस परत करावे असें ठरलें. खेळाडूंस कोणीं विचारलें नाहीं. उसना आणलेला पाटा-वरवंटा परत करावा तसा हा करार होता.

मार्च १९५२ मध्यें स्पेनमधील रेआल माद्रिद क्लबानें आपल्या पन्नासाव्या वर्षाचा उत्सव केला व त्यासाठीं मिल्योनारिओसला पाहुणे म्हणून बोलाविलें. पाहुण्यांनीं यजमानांस ४-२ असें हरविलें. क्लबाचा अध्यक्ष सान्तियागो बेर्नाबेउ हा पूर्वीं स्वतः खेळाडू होता. त्यानें नुकतेंच राजधानींत प्रचंड मैदान बांधिलें होतें, पण त्या मैदानास शोभेल असा संघ त्याजपाशीं नव्हता. १९३३ पासून लीगचें विजयपद त्याच्या क्लबास मिळालें नव्हतें. पराभवाचें दुःख करीत न बसतां, आपणास हरविणारा तो सोनेरी केसांचा खेळाडू आपणांस मिळावा, असें त्यानें मनांत घेतलें.

तोच विचार बार्सेलोनाच्या क्लबानेंहि केला. आणि येथून पुढें जो घोटाळा झाला तो वकिलांच्या परीक्षेस घालण्याजोगा आहे. लिमाच्या तहाप्रमाणें ऑक्टोबर १९५४ पर्यंत दि स्तेफानो मिल्योनारिओसचा, आणि त्यानंतर रिव्हर प्लेटचा. बार्सेलोनानें रिव्हर प्लेटशीं सौदा केला, माद्रिदनें मिल्योनारिओसशीं. एकाच माणसास दोघांनीं विकलें, दोघांनीं विकत घेतलें, आणि दोघांचेंहि म्हणणें अंशतः खरें होतें. १९५३ च्या उन्हाळ्यांत तो बायकोमुलांसह बार्सेलोनास येऊन राहिला होता; पण सामन्यांत उतरण्याची परवानगी नसल्यामुळें महिनेच्या महिने नुसता वाट पाहत होता. शेवटीं सप्टेंबरमध्यें स्पेनच्या फुटबॉल महामंडळानें निकाल दिला. चार हंगामांपैकीं पहिला व तिसरा त्यानें माद्रिदकडून खेळावा, दुसरा व चौथा बार्सेलोनाकडून! एका मुलावर दोन बायकांनीं हक्क सांगितला तेव्हां त्या मुलाचे दोन तुकडे करा म्हणणाऱ्या शलमोन राजाची गोष्ट आपणांस ठाऊक आहे. राजानें तें केवळ परीक्षेसाठीं म्हटलें होतें. महामंडळ खरोखरच तसें करूं निघालें होतें.

बार्सेलोनांत संतापाची लाट उसळली. क्लबाच्या अध्यक्षानें राजीनामा दिला, आणि थोड्याच दिवसांत नव्या कारभाऱ्यांनीं झालेला खर्च घेऊन आपला हक्क सोडला. फ्रँकोच्या सरकारनें पडद्याआडून माद्रिदचें पारडें जड केलें, असें बार्सेलोनाचे लोक आजतागायत मानतात. माद्रिदचे लोक तें नाकारतात. आणि इतिहासकारांतहि एकमत नाहीं. या वादावर पुस्तकांमागून पुस्तकें निघालीं आहेत. परंतु ज्याच्या पायांचा हा लिलाव चालला होता, त्यास तीं दोन शहरें सारखींच परकीं असतांना काय वाटलें असेल, याविषयीं त्यांत फारच थोडें सांपडतें.

२३ सप्टेंबर १९५३ रोजीं सकाळीं तो आगगाडीनें माद्रिदला उतरला, आणि त्याच दिवशीं दुपारीं फ्रान्सच्या नान्सी क्लबाविरुद्ध मैदानांत उतरला. सराव तुटलेला, अंग जड झालेलें. माद्रिद ४-२ असें हरलें. त्यानें मात्र एक गोल केला. महिन्याभरानें बार्सेलोनाचा संघ माद्रिदला आला, तेव्हां माद्रिदनें त्यास ५-० असें लोळविलें, आणि त्यांत दि स्तेफानोचा हात मोठा होता. त्या हंगामाच्या अखेरीस एकवीस वर्षांनीं लीगचें विजयपद माद्रिदला मिळालें. हा हंगाम धरून अकरा हंगामांत त्यानें तें आठ वेळां मिळवून दिलें. लीगच्या २८२ सामन्यांत त्याचे २१६ गोल आहेत, आणि पांच हंगामांत तो गोल करणाऱ्यांत सर्वांच्या पुढें होता.

पण आंकड्यांवरून त्याचा खेळ समजत नाहीं. त्या काळीं मैदानावर कामांची वांटणी बहुतेक ठरलेली असे. फुलबॅकनें मागें थांबावें, हाफबॅकनें मधला टापू राखावा, आणि सेंटर फॉरवर्डनें प्रतिपक्षाच्या गोलासमोर चेंडूची वाट पाहावी. दि स्तेफानोच्या पाठीवर सेंटर फॉरवर्डचा ९ हा आंकडा असे; पण शोधूं गेल्यास तो कोठेंहि सांपडे. आतां आपल्याच गोलरक्षकापाशीं जाऊन त्याच्या हातून चेंडू घेत आहे. आतां फुलबॅकला हातवारे करून जागा दाखवीत आहे. क्षणांत मध्यभागीं दोघांना चकवून चेंडू दुसऱ्याकडे सरकावला, आणि तो चेंडू फिरून प्रतिपक्षाच्या गोलासमोर येतो तों तेथें हाच हजर! एप्रिल १९५७ मध्यें मँचेस्टर युनायटेडचा तरुण खेळाडू बॉबी चार्लटन हा माद्रिदच्या मैदानावर प्रेक्षकांत बसून आपल्या संघाचा सामना पाहत होता. सगळीकडे दिसणारा, सगळ्यांना आज्ञा करणारा हा मनुष्य आहे तरी कोण, असा आपणांस प्रश्न पडला, असें त्यानें पुढें सांगितलें आहे.

त्याच्या या हुकमतीचा कित्येकांस जाचहि होई. तो रागीट होता. आळशी सोबत्यास भर मैदानांत बोल लावी. १९५९ मध्यें ब्राझीलचा जगज्जेता खेळाडू दिदी हा माद्रिदला आला, पण या संघांत त्याचें बस्तान बसलें नाहीं व वर्षभरांत तो परतला. मात्र ज्या श्रमाची अपेक्षा दि स्तेफानो इतरांकडून करी, त्याहून अधिक श्रम तो स्वतः करी, हें त्याच्या टीकाकारांनींहि मान्य केलें आहे. आमच्याकडील शाळांच्या सामन्यांत गोल करणाऱ्याच्या पाठीवर सगळ्यांच्या थापा पडतात. मागें धांवत जाऊन चेंडू सोडवून आणणाऱ्याकडे कोणाचें लक्ष जात नाहीं. दि स्तेफानोच्या ठायीं हीं दोन्ही माणसें एकच होतीं. रिव्हर प्लेटच्या पांचजणांनीं आपसांत जागा बदलल्या. त्यांच्या या शिष्यानें अकराच्या अकरा जागा आपल्याच मानल्या.

१९५५ मध्यें फ्रेंच पत्रकार गाब्रिएल आनो व त्याचें क्रीडापत्र 'लेकिप' यांच्या पुढाकारानें युरोपांतील क्लबांची चषक स्पर्धा सुरू झाली. पहिले पांच चषक ओळीनें रेआल माद्रिदनें जिंकले, आणि पांचहि अंतिम सामन्यांत दि स्तेफानोनें गोल केला. १९५६ मध्यें पॅरिसमध्यें रॅम्स या फ्रेंच क्लबानें पहिल्या दहा मिनिटांतच दोन गोलांची आघाडी घेतली होती. संघास सांवरणारा पहिला गोल त्याचाच, आणि शेवटीं माद्रिद ४-३ असें विजयी झालें. १९५७ मध्यें फियोरेंतिना, १९५८ मध्यें मिलान, १९५९ मध्यें पुन्हां रॅम्स. या संघाची घडण पाहण्यासारखी होती. एक्तोर रियाल अर्जेंटिनाचा, सांतामारिया उरुग्वेचा, कोपा फ्रान्सचा, डाव्या कडेवरील वाऱ्यासारखा धांवणारा हेन्तो मात्र स्पेनच्या उत्तर किनाऱ्यावरील. १९५८ मध्यें यांत फेरेन्त्स पुश्काश येऊन मिळाला. १९५६ च्या उठावानंतर हा हंगेरियन वीर मायदेशीं परतला नव्हता. त्याबद्दल त्याच्यावर बंदी होती. वय एकतीस, आणि पोट सुटलेलें. लोक हंसले. पुश्काशनें त्यांना हंसूं दिलें, आणि डाव्या पायानें उत्तर दिलें.

या संघाचा कळस १८ मे १९६० रोजीं ग्लासगो शहरांतील हॅम्पडन पार्कवर पाहावयास मिळाला. सव्वा लाखाहून अधिक प्रेक्षक जमले होते, आणि त्यांतील बहुतेक स्कॉटिश. प्रतिपक्ष जर्मनीचा आइंत्राख्त फ्रँकफुर्ट. त्यांनींच अठराव्या मिनिटास पहिला गोल केला. मग सत्ताविसाव्या व तिसाव्या मिनिटास दि स्तेफानोनें दोन गोल करून पारडें फिरविलें. मध्यंतरापूर्वीं पुश्काशनें एक गोल घातला, मध्यंतरानंतर आणखी तीन. जर्मनांनीं दुसरा गोल केला, तों सुरुवातीचा चेंडू पुन्हां हलतो न हलतो इतक्यांत दि स्तेफानो मधल्या टापूंतून सरळ धांवत निघाला आणि दुरूनच त्यानें चेंडू जाळ्यांत मारला. अखेर ७-३. त्यांत पुश्काशचे चार व दि स्तेफानोचे तीन. दोघेहि परमुलखांतले, एक पैशासाठीं व मोकळिकीसाठीं निघालेला, दुसरा राज्यक्रांतीच्या वावटळींत घर हरवलेला. स्कॉटिश प्रेक्षक सामना संपल्यावरहि जागचे हलले नाहींत व त्यांनीं टाळ्यांचा कडकडाट केला. ज्यांचा तेथें कोणीच नव्हता त्यांना सर्व मैदानानें आपलें म्हटलें.

राष्ट्रीय संघांच्या बाबतींत मात्र त्याच्या नशिबीं असें कांहीं नव्हतें. १९५० च्या विश्वचषकास अर्जेंटिनाचा संघ गेला नाहीं. १९५४ मध्यें तर त्यानें नांवच नोंदविलें नाहीं. कोलंबियाच्या नांवानें तो कांहीं सामने खेळला, पण ते अधिकृत गणले जात नाहींत. १९५६ मध्यें त्यानें स्पेनचें नागरिकत्व घेतलें आणि पुढें स्पेनतर्फे ३१ सामन्यांत २३ गोल केले. परंतु १९५८ च्या विश्वचषकासाठीं माद्रिदमध्यें स्वित्झर्लंडशीं २-२ अशी बरोबरी झाली ती भोंवली, आणि स्पेनऐवजीं स्कॉटलंडची वर्णी लागली. १९६२ मध्यें स्पेनचा संघ चिलींत गेला, त्यांत दि स्तेफानोहि होता. वय छत्तीसच्या घरांत. दुखापतीमुळें त्यास एकहि सामना खेळतां आला नाहीं. युरोपांतील सर्वोत्कृष्ट खेळाडू म्हणून १९५७ व १९५९ अशा दोन वर्षीं ज्यास सुवर्णचेंडू मिळाला, त्याच्या पायाला विश्वचषकाच्या सामन्यांतील चेंडू कधीं लागलाच नाहीं. एका देशातर्फे खेळल्यावर दुसऱ्या देशातर्फे खेळण्याची वाटहि नंतरच्या नियमांनीं जवळजवळ बंद झाली, तेव्हां पुढच्या पिढ्यांत असा त्रिदेशीय खेळाडू होणेंच दुर्घट झालें.

२४ ऑगस्ट १९६३ रोजीं व्हेनेझुएलाची राजधानी काराकास येथें एका हॉटेलांतून त्यास पळवून नेण्यांत आलें. सरकारविरुद्ध लढणाऱ्या सशस्त्र क्रांतिकारकांचें तें कृत्य होतें. त्यांस पैसा नको होता. जगाचें लक्ष आपल्या लढ्याकडे वेधावयाचें होतें, आणि त्यासाठीं याच्याइतका ओळखीचा चेहरा त्या दिवशीं शहरांत दुसरा नव्हता. दोन दिवसांनीं त्यास स्पेनच्या वकिलातीजवळ सुखरूप सोडून देण्यांत आलें. क्लबांनीं वर्षानुवर्षें कागदांवर सह्या करून ज्यास आपल्या ताब्यांत ठेवलें, त्यास या लोकांनीं कागदावांचून ताब्यांत घेतलें. इतकाच काय तो फरक, असें एखादा कडवट मनुष्य म्हणेल. तो प्रसंग स्वतः दि स्तेफानोस मात्र फार भयंकर वाटला होता.

१९६४ मध्यें व्हिएन्ना येथें युरोपच्या अंतिम सामन्यांत इंटर मिलाननें माद्रिदचा ३-१ असा पराभव केला. शिक्षक मिगेल मुन्योस हा त्याचा जुना सोबती; दोघांत मतभेद झाले, आणि अडतीस वर्षांच्या दि स्तेफानोस संघांत जागा राहिली नाहीं. अकरा वर्षांची सेवा अशी अर्ध्या वाक्यांत संपली. तो उठून बार्सेलोना शहरांतील दुसऱ्या, लहान अशा एस्पान्योल क्लबांत गेला व दोन वर्षें खेळून १९६६ मध्यें निवृत्त झाला. ७ जून १९६७ रोजीं माद्रिदनें त्याच्या सन्मानार्थ सामना योजिला. समोर ग्लासगोचा सेल्टिक क्लब होता. त्या क्लबानें नुकताच युरोपचा चषक जिंकला होता, आणि चषक जिंकणारे त्याचे अकराहि खेळाडू आपल्या मैदानापासून तीस मैलांच्या आंत जन्मलेले होते. देशोदेशींचे खेळाडू जमवून पांच चषक मिळविणाऱ्या संघाच्या नायकास निरोप देण्यास असे एका गांवचे अकरा गडी यावेत, हा योगायोग चमत्कारिक खरा. सेल्टिकनें तो सामना १-० असा जिंकला.

पुढें शिक्षक या नात्यानें त्यानें ब्युनॉस आयर्समधील बोका ज्युनियर्स व रिव्हर प्लेट या दोन हाडवैरी क्लबांना, आणि स्पेनमध्यें व्हालेन्सिया क्लबास विजयपद मिळवून दिलें. ज्या रिव्हरला सोडून तो पळाला होता त्यांनीं १९८१ मध्यें त्यास सन्मानानें परत बोलाविलें, यावरून जुना राग निवळला होता असें दिसतें. सन २००० मध्यें रेआल माद्रिदनें त्यास सन्माननीय अध्यक्ष नेमलें. माद्रिदमधील आपल्या घराच्या बागेंत त्यानें चेंडूचें एक स्मारक उभारलें होतें, व त्यावर चेंडूस उद्देशून, म्हाताऱ्या आईस मायेनें म्हणावें तसें, आभाराचे दोन शब्द कोरले होते.

७ जुलै २०१४ रोजीं माद्रिद येथें वयाच्या अठ्ठ्याऐंशीव्या वर्षीं त्याचें निधन झालें. त्या वेळीं ब्राझीलमध्यें विश्वचषकाचे सामने चालू होते. दोन दिवसांनीं साव पावलो शहरांत अर्जेंटिना व नेदरलँड्स यांचे खेळाडू उपांत्य सामन्यासाठीं मैदानांत आले, आणि चेंडूस पाय लावण्यापूर्वीं सारे मैदान त्याच्यासाठीं एक मिनिट स्तब्ध उभें राहिलें.